गळतंय की सांडलंय?

रविवारी सकाळी सात वाजता दाराची बेल वाजली. दारात वॉचमन मामा उभे होते. नात्यातलं कुणी गेल्याचा निरोप आणावा, तसा त्यांचा चेहरा.

"साहेब, जरा खाली येताय का? तुमची गाडी गळाय लागलीया."

त्या 'गळाय लागलीया'वर मी पुढं आठ दिवस विचार केला. मराठीत तेल दोन प्रकारांनी जमिनीवर येतं. एक गळतं आणि एक सांडतं. गळतं ते आपलं आपण. छप्पर गळतं, नाक गळतं, केस गळतात. त्यात कुणाचा काही दोष नसतो. सांडलं की मात्र घरातलं पहिलं वाक्य असतं, "कुणी सांडलं?" मामांनी मोठ्या मनानं गाडीलाच कर्ता करून मला वाचवलं होतं. कारण आदल्या दिवशी त्या गाडीचं इंजिन ऑइल मी स्वतःच्या हातानं बदललं, हे आमच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक होतं. निम्मी सोसायटी तर ते बघायला उभीच होती.

गाडी मारुतीची आणि वार शनिवार. त्यामुळं 'शनिवारी मारुतीला तेल' हा विनोद त्या दिवशी अकरा जणांनी केला आणि प्रत्येकाला तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलाय असं वाटत होतं. बारावे आमचे सेक्रेटरी. त्यांनी विनोद केला नाही. "पेव्हर ब्लॉकवर डाग पडता कामा नये," एवढंच बोलून ते गेले.

मुळात या भानगडीत मी पडलो तो सर्व्हिसिंगच्या बिलामुळं. बिलावर ऑइल होतं, फिल्टर होता, मजुरी होती आणि शेवटी 'इतर साहित्य' नावाची एक ओळ होती. हे काय, म्हणून विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ते इतर साहित्य आहे." तेवढ्यावर मी घरी आलो, मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि ऑइल बदलणं ही पिठलं करण्याइतकी साधी गोष्ट आहे अशी माझी खात्री पटली. खालचा नट काढायचा, जुनं ऑइल जाऊ द्यायचं, नट लावायचा, फिल्टर बदलायचा, वरून नवं ओतायचं. मी पिठलंसुद्धा कधी केलेलं नाही, हे तेव्हा आठवलं नाही.

पोवई नाक्याजवळच्या दुकानात ऑइल आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "फाइव्ह डब्ल्यू थर्टी द्यायचं ना?" यातला डब्ल्यू म्हणजे वेट, वजन, असं मी वीस वर्षं समजत होतो. तो विंटरचा डब्ल्यू निघाला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, नंतरचा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते. साताऱ्याच्या थंडीला एवढं नाटक कशाला, असं मनात आलं. पण पुस्तिकेत लिहिलंय ते घ्यावं. डबे बघता बघता आणखी एक जुनी गोष्ट आठवली. कॅस्ट्रॉल हे नाव कॅस्टर ऑइलवरून पडलंय. वेकफिल्ड नावाच्या इंग्रजाच्या कंपनीनं १९०९ मध्ये इंजिनाच्या तेलात एरंडेल मिसळलं आणि त्यावरून हे नाव ठेवलं. आमचे आजोबा बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायचे आणि तेच एरंडेल महिन्यातून एकदा नाक दाबून आम्हाला पाजायचे. बैलगाडी सुरळीत चालायची, आम्हीही चालायचो. म्हणजे या धंद्यात आमचं घराणं विलायतेच्या मागं नव्हतं.

शनिवारी सकाळी इंजिन थोडं गरम केलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट उतरतं. जॅकनं गाडी उचलली आणि खाली दोन घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस शूर नसतो, विमेदाराच्या वारसांचा हितचिंतक असतो. मग पाठीवर झोपून आत सरकलो. चाळिशीनंतर माणूस पाठीवर सरकतो तेव्हा त्याला पाठीचे सगळे मणके एकेक करून भेटतात.

इंजिनाच्या तळाशी ऑइलचं भांडं असतं. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. त्याचा नट पाना लावून सैल केला आणि शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवले. व्हिडिओत ऑइल सरळ खाली, टबात पडतं. माझ्या गाडीचं ऑइल सरळ पडलं नाही. पहिली धार टब ओलांडून चांगली वीतभर पुढं गेली, मी टब पुढं ढकलला, तोवर धार मंदावून मागं आली. ती मागं, मी पुढं, असा थोडा वेळ झिम्मा झाला. या गडबडीत नट टबात पडला. काळ्या गरम ऑइलात हात घालून नट शोधताना मला पंचामृतात बुडवलेला बाळकृष्ण आठवला.

मग फिल्टर. तो नटाच्या वरच्या अंगाला, असा बसवलेला की ज्यानं तो बसवला त्याला कोपर नसावं. फिल्टरचा पाना माझ्याकडं नव्हता. फिल्टरला पॉलिश पेपर गुंडाळून, दात ओठ खाऊन पिळला. तो सुटला आणि त्याच्यात राहिलेलं ऑइल माझ्या मनगटावरून निघालं, कोपरापाशी जरा थांबलं आणि बनियनमध्ये शिरलं. आता खरं म्हणजे या क्षणी माणसानं वर, फिल्टरच्या जागेकडं बघायचं असतं. मी कोपराकडं बघत होतो. पुढच्या सगळ्या कथेचं मूळ या एका वाक्यात आहे. पण ते मला आठ दिवसांनी कळलं.

नवा फिल्टर बसवला. त्याच्या रबरी रिंगेला ऑइलचं बोट लावलं, रिंग टेकेपर्यंत हातानं फिरवला आणि वर पाऊण फेरा दिला. अगदी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणं. तो इतका मऊ, गादीवर बसावा तसा बसला, की मला माझंच कौतुक वाटलं.

शेवटी नवं ऑइल. इंजिनाला लागतं तीन लिटरच्या आसपास, डबा साडेतीनचा. नरसाळ्यातून तीन ओतलं आणि डब्यात अर्धा लिटर उरलं. आमच्या घरात काही उरू देत नाहीत. वाटीभर आमटी उरली तर "एवढीशीच आहे, घे संपवून" म्हणून ती कुणाच्या तरी ताटात जाते. मी गाडीला म्हटलं, घे संपवून.

तर, रविवार. मामांबरोबर खाली गेलो. गाडीखाली बशीएवढा डाग होता. तोवर सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून, त्याच्याभोवती लाल गोल करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाही होता. दहा मिनिटांत निदान करणारे जमले. त्या दिवशी मला एक शोध लागला. गाडी कुणाचीही असो, माणूस त्यात स्वतःचाच धंदा बघतो.

पहिले आले बी विंगमधले डॉक्टर. त्यांनी विचारलं, "कधीपासून? रंग कसा? वास?" मी म्हटलं, डॉक्टर, गाडीबद्दल बोलतोय. ते म्हणाले, मीही. आणि ते बरोबर होते. गाडीखालचं नितळ पाणी एसीचं असतं, ते निरोगी माणसाच्या घामासारखं. हिरवं किंवा गुलाबी असेल तर रेडिएटरचं कूलंट. तपकिरी, काळपट आणि बोटाला बुळबुळीत लागतं ते इंजिन ऑइल. आमच्यात काळपटाबरोबर मधाच्या रंगाचं नवंही होतं. डॉक्टर म्हणाले, "ताजा रक्तस्राव."

दुसऱ्या मजल्यावर नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर वाकला, बघितलं आणि पिशवी उचलता उचलता म्हणाला, "वायसर गेलाय." तो नळाबद्दलही हेच म्हणाला होता.

विमा एजंट म्हणाले, "विकून टाका."

आणि मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका आले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी कोयनेवर काढली आहेत. ते डाग बघून हसले. "गळती नसलेलं धरण मला दाखवा," म्हणाले. कोयनेच्या धरणाला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे गेले, तरी ते उभं राहिलं, हे ते आम्हाला दर गणपतीत सांगतात. धरणाच्या पोटात गॅलऱ्या असतात, तिथं झिरपलेलं पाणी व्ही आकाराच्या खाचेतून वाहू देऊन मोजतात. गळती आहे का हा प्रश्नच नसतो. ती किती आहे आणि वाढतेय का, हा प्रश्न असतो.

"मापन करा," काका म्हणाले. "गाडीखाली रोज नवा पेपर अंथरा."

पेपर अंथरला. सोमवारी सकाळी काकांनी चष्मा लावून थेंब मोजले. चाळीस. वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे रात्रीला दोन मिलिलिटर. चेंबरमध्ये तीन लिटर. "पंधराशे रात्री पुरेल," काकांनी हिशेब सांगितला. "चार वर्षं. तोवर तुमचं कर्ज फिटतं." मला खरोखर हलकं वाटलं. मंगळवारी ठिपके पन्नासच्या वर गेले आणि त्यातले बरेचसे राशिभविष्यावर पडले होते. माझी रास त्याखाली बुडाली होती, त्यामुळं त्या दिवशी काय व्हायचं होतं ते कळलं नाही.

काका आता गंभीर झाले. "ओल दिसते तिथं तोंड नसतं. वर जा," म्हणाले. हे मला नवं नव्हतं. आमचं गावाकडचं घर कौलारू. पावसात पाणी टपकायचं देवघरात आणि फुटलेलं कौल निघायचं माजघरावर. पाणी वाशाच्या कडेनं हातभर प्रवास करून सोयीच्या जागी खाली पडतं. आजोबा छपरावर चढले की आजी खालून ओरडायची, "वर बघा, वर!" इंजिनाचंही तसंच. ऑइल वरून निघतं, अंगावरून ओघळतं, गाडी पळताना वारा त्याला मागं ढकलतो आणि सर्वांत खालच्या टोकाला थेंब लटकतो. म्हणून आधी सगळं धुऊन पुसून कोरडं करायचं, इंजिन चालू करायचं आणि सर्वांत वरची ओली जागा शोधायची.

बुधवारी मी गाडीखाली शिरून चिंध्यांनी सगळं पुसलं. तेव्हा दिसलं, की शनिवारी मनगटावरून आलेलं ऑइल नुसतं बनियनमध्ये गेलं नव्हतं. इंजिनाखालच्या पत्र्यावर, आडव्या दांडीच्या खाचेत, सायलेन्सरच्या पाइपावरच्या कवचात त्याची तळी साठली होती. पहिल्या दोन दिवसांत पडलेलं बरंचसं ऑइल तेच असावं. ते सांडलेलंच होतं. हप्त्याहप्त्यानं सांडत होतं, एवढंच.

हे कळल्याचा मला इतका आनंद झाला, की मी ग्रुपवर लिहून टाकलं, "गळती नव्हती. थोडं सांडलं होतं. पुसलं आहे." सेक्रेटरींनी अंगठा दाखवला. गुरुवारी सकाळी पेपरावर पुन्हा वीस ठिपके. सेक्रेटरींनी अंगठा काढून घेतला.

मग पावडर. इंजिनाचा तळ पुसून त्यावर टाल्कम पावडर मारायची, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं आणि पावडर कुठं ओली होते ते बघायचं. घरात लहान मूल नाही, त्यामुळं पावडर बायकोची, चंदनाच्या वासाची. गाडीखालून अंगभर पांढरा होऊन बाहेर आलो तेव्हा मामांनी नजर दुसरीकडं वळवली. पावडरीवर एक ओली रेघ उमटली होती. फिल्टरच्या बुडापासून निघून चेंबरच्या नटापर्यंत आलेली. रेघ वरून आली होती, हे शाळेतल्या मुलाला कळलं असतं. मला नट दिसला.

का, ते सांगतो. नट हाताला येतो, फिल्टर येत नाही. आपण दोष नेहमी हाताला येतो तिथंच शोधतो. शिवाय नटाच्या बाबतीत माझ्या मनात पाप होतं. नटाखाली तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर असतो. तो एकदा दबला की त्या जागेपुरता बसतो. पुन्हा वापरला तर दगा देऊ शकतो. नवा मिळतो चहाच्या पैशात. मी तो घेतला नव्हता. हजारांचं बिल वाचवायला निघालेल्या माणसाला हा खर्च उधळपट्टी वाटला होता. प्लंबर एका नजरेत बरोबर बोलून गेला, असं मला वाटलं.

नट आणखी आवळून बघावा, असंही मनात आलं होतं. ते मात्र केलं नाही, हीच माझी या आठवड्यातली कमाई. ताकदीनं आवळला तर चेंबरचे आटे जातात आणि मग वायसरच्या पैशातलं दुखणं चेंबरच्या पैशात जातं.

शुक्रवारी सगळं ऑइल पुन्हा स्वच्छ टबात उतरवलं, नवा वायसर घातला आणि या खेपेला ऑइलच्या पट्टीवर माप बघत बघत भरलं. पट्टीला दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये हवं. शनिवारी ते वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं होतं. जास्त झालेलं ऑइल फिरत्या भागांत घुसळून त्याचा फेस होतो, सीलवर ताण येतो. 'घे संपवून' इंजिनाला सोसत नाही. उरलेलं ऑइल डब्यात ठेवून झाकण लावलं. आईच्या देखत काहीतरी उरवण्याची माझी ही पहिलीच वेळ.

शनिवारी सकाळी पेपरावर अठरा ठिपके.

मी पार्किंगमध्ये स्टुलावर बसून राहिलो. तेवढ्यात आई खाली आली. गाडीकडं तिनं बघितलंही नाही.

"ते जुनं डबडं कुठं ठेवलंयस?"

"कुठलं डबडं?"

"गाडीतून काढलेलं. त्याला रबराची रिंग असते म्हणालास ना? ती दे मला. मागच्या दाराची कडी वाजती वाऱ्यानं, तिच्यात अडकवीन."

आमच्या आईनं आजवर एकही रिंग फेकलेली नाही. कुकरच्या चार रिटायर रिंगा खिळ्याला टांगलेल्या आहेत. बरण्यांच्या, मिक्सरच्या, फिरकीच्या डब्यांच्या वेगळ्या. जुना फिल्टर मी पिशवीत उपडा करून ऑइल निथळायला ठेवला होता. काढला, पुसला, तोंडावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. रिंगेची खोबण होती. रिंग नव्हती.

"पडली असंल कुठंतरी," आई म्हणाली. "बघ, वर अडकली असंल."

वर बघा, वर!

गोडोलीतले मिस्त्री फोनवर सगळं ऐकून पाच सेकंद गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी चालू करू नका. येतो मी." आले, फिल्टर काढला आणि इंजिनाच्या अंगाला चिकटलेली जुनी रिंग नखानं ओढून माझ्या तळहातावर ठेवली. काळ्या ऑइलानं माखलेली काळी रिंग, काळ्या जागेत. तिच्यावरच मी नव्या फिल्टरची नवी रिंग बसवली होती. तो गादीवर बसल्यासारखा मऊ बसला, ती गादी ही.

"दोन रिंगा एकमेकींवर टिकत न्हाईत, साहेब," मिस्त्री म्हणाले. "थेंब थेंब गळालं हे तुमचं नशीब. हायवेला वरची सटकली असती, तर मिनिटाभरात सगळं ऑइल रस्त्यावर. इंजिन जाम." नवा फिल्टर लावून त्यांनी इंजिन चालू केलं, वर खाली बॅटरी मारून बघितलं. थेंब नाही. मी पैसे विचारले. त्यांनी सांगितलेला आकडा सर्व्हिसिंगच्या बिलातल्या 'इतर साहित्य' या ओळीपेक्षा कमी होता.

जुन्या ऑइलचा डबाही तेच घेऊन गेले. त्या ऑइलवर तोवर दोन अर्ज आले होते, एक वाळवीसाठी आणि एक गेटच्या बिजागरीसाठी. पण वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं; ते गटारात किंवा मातीत ओतायचं नसतं, गोळा करणाऱ्याकडंच जायला हवं. मिस्त्रींच्या पिंपात ते पोचलं, म्हणजे मार्गी लागलं.

हिशेब मांडला. नट, वायसर, फिल्टर, डबा, सगळ्या ठिकाणी हात माझाच होता. गाडी एका थेंबाचीही गुन्हेगार नव्हती. आठ दिवस मी 'गळतंय, गळतंय' म्हणत होतो आणि ते सगळं सांडलेलं होतं. मामांना जाऊन तसं सांगितलं. ते म्हणाले, "आमाला म्हाईत व्हतं, साहेब. पण सकाळ सकाळ तुमी सांडलंय असं कसं म्हणायचं?"

रिंग मागच्या दाराच्या कडीत आहे. कडी आता वाजत नाही. पेव्हर ब्लॉकवरचा डाग मात्र आहे, आणि सेक्रेटरी कुठल्याही पाहुण्याला तो दाखवून माझा फ्लॅट नंबर सांगतात.

तुम्हालाही हा उद्योग करावासा वाटला तर जरूर करा. वायसर नवा घ्या, ऑइल पट्टीवर मोजून भरा. आणि जुना फिल्टर हातात आला की कोपराकडं बघू नका. आधी त्याच्या तोंडावरून बोट फिरवा. रिंग लागली तर पुढं जा. नाही लागली तर ती वर आहे.